अनुभवाला प्रबंधापर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर



संगणक क्षेत्रात दहा-पंधरा वर्षे नोकरी केलेला माणूस पीएच.डी. करायची म्हणतो, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न ऐकावा लागतो: आता कशाला? कंपनीतल्या सहकाऱ्यांना वाटते, पगार बरा आहे, पद आहे, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क कशासाठी? विद्यापीठातल्या जाणत्या मंडळींना शंका येते की हा नावाआधी 'डॉ.' लावण्यासाठी आला असावा. दोन्ही शंकांना थोडाफार आधार आहे आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पण या दोन्ही शंकांच्या मध्ये एक गोष्ट निसटते. उद्योगात वर्षे काढलेल्या माणसाजवळ असे काही प्रश्न असतात, जे ती वर्षे काढल्याशिवाय दिसतच नाहीत. त्या प्रश्नांचे उत्तर पारखून, सिद्ध करून इतरांच्या हाती देण्याची पद्धत मात्र विद्यापीठाजवळच असते. या दोघांची गाठ पडली नाही, तर प्रश्न कंपनीच्या बैठकीत विरून जातो आणि पद्धत जुन्याच प्रश्नांवर फिरत राहते. म्हणून माझी विनंती अशी की, संगणकशास्त्रातील अर्धवेळ पीएच.डी. ही सवलत किंवा आडवाट न मानता आपण तिला संशोधनाचा एक मुख्य मार्ग मानावा आणि पूर्णवेळ संशोधनाइतकीच कडक शिस्त तिला लावावी.

ही मागणी कोल्हापूरच्या मातीत परकी नाही. 1901 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी इथे वसतिगृहांची चळवळ सुरू केली, ती शिक्षणाची इच्छा असलेल्याला निवारा आणि जेवण यांची अडचण पडू नये म्हणून. याच जिल्ह्यातल्या कुंभोजमध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा विचार महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवला. या विचाराचा गाभा गरिबाला मदत करण्यापुरता नव्हता. हाताने केलेले काम अभ्यासाला कमीपणा आणत नाही, उलट अभ्यासाला जमीन देते, हा त्यातला खरा आग्रह होता. 1962 मध्ये स्थापन झालेले आपले विद्यापीठ याच वारशावर उभे आहे. अठरा वर्षांच्या मुलाने सकाळी काम करून दुपारी वर्गात बसावे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग अडतीस वर्षांच्या अभियंत्याने आठवड्यातले चार दिवस काम करून उरलेला वेळ संशोधनाला द्यावा, यात संशय घेण्यासारखे काय आहे? 'कमवा आणि शिका' या इमारतीचा हा वरचा मजला आहे, आणि पाया आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच घातला गेला आहे.

नोकरीतला अनुभव म्हणजे संशोधन नव्हे, हे मात्र आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. पंधरा वर्षे उत्तम सॉफ्टवेअर लिहिलेल्या माणसाने एक दिवसही संशोधन केलेले नसू शकते. कंपनीत विचारले जाते, हे चालते का, आणि सोमवारपर्यंत चालेल का? संशोधनात विचारतात, हे का चालते, कोणत्या परिस्थितीत चालणार नाही, आणि हे कशावरून? पहिल्या प्रश्नावर पोट चालते, दुसऱ्यावर ज्ञान वाढते. एका प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा प्रवास किती मोलाचा असू शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे एडगर कॉड. ते 1949 मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागले. अनेक वर्षे कामात घालवल्यानंतर ते मिशिगन विद्यापीठात गेले आणि 1965 मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांना डॉक्टरेट मिळाली. 1970 मध्ये त्यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. आज बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, सातबाऱ्याची नोंद अशा कितीतरी व्यवहारांमागे ती कल्पना उभी आहे. 1981 मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. लक्षात घेण्याजोगे हे की त्यांच्या प्रबंधाचा विषय डेटाबेस नव्हता. तो स्वतःची प्रतिकृती घडवणाऱ्या गणिती यंत्रणांविषयी होता. माहिती साठवण्यातली रोजची कटकट आयबीएमच्या कामाने दाखवली, आणि तिच्याकडे गणिताच्या नजरेने पाहण्याची शिस्त विद्यापीठातल्या वर्षांनी पक्की केली, असेच मला त्यांच्या कारकिर्दीतून दिसते. एड्सगर डायक्स्ट्रा यांचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करताना ज्या संगणकासाठी ते प्रणाली लिहीत होते, त्याच संगणकाच्या प्रश्नातून त्यांचा 1959 चा प्रबंध उभा राहिला. विषय कामातून आला काय किंवा बाहेरून आला काय, दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

आता आपल्या परिसराकडे पाहू. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहती आणि शहरातले उद्यमनगर यांनी कोल्हापूरला कास्टिंगच्या नकाशावर आणले. फाउंड्रीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, डोकेदुखी एकच: रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारला जाणारा माल. वाळूतला ओलावा, तिची दाबक्षमता, तिच्यातून वायू निसटण्याची सोय, धातूचे रासायनिक प्रमाण, ओतण्याचे तापमान अशा अनेक गोष्टींवर कास्टिंग चांगले की वाईट हे ठरते. यातल्या बऱ्याच गोष्टींची नोंद सँड लॅबमध्ये किंवा भट्टीजवळ रोज होते. एखादा हुशार अभियंता या नोंदी संगणकावर आणतो, आलेख दाखवणारा फलक बनवतो आणि मालकाला आनंद होतो. पण खरी अडचण त्यापुढे सुरू होते. आतले पोकळ छिद्र पुष्कळदा मशीनिंग होईपर्यंत दिसत नाही, कधी कधी तर माल ग्राहकाकडे पोहोचल्यावरच दिसते. म्हणजे चूक आज झाली आणि ती चूक होती हे कळायला कित्येक दिवस गेले. त्यात एकाच फाउंड्रीत शेकडो प्रकारचे भाग बनतात आणि प्रत्येक भागाच्या नोंदी थोड्याच असतात. वाळूचा पुरवठादार बदलला की जुन्या नोंदींचा अर्थही बदलतो. उशिरा येणाऱ्या उत्तरांवरून, थोड्या नोंदींवरून, बदलत्या परिस्थितीत यंत्राला शिकवायचे कसे, आणि त्याच्या अंदाजावर कधी विश्वास ठेवू नये हे कसे ओळखायचे, हा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला शोभेल असा मशीन लर्निंगचा प्रश्न आहे. तो ग्रंथालयात बसून सुचणे कठीण. भट्टीजवळ उभे राहून, ग्राहकाकडून परत आलेला माल मोजून तो सुचतो. पण त्याचे उत्तर भट्टीजवळ मिळत नाही. त्यासाठी संख्याशास्त्र, काटेकोर प्रयोग आणि कोणीतरी कठोरपणे तपासणारा लागतो.

पंचगंगा नदीच्या पुराचेही तसेच. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात इथल्या लहान मुलांनाही पाठ असतात. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 मध्ये शहराने पुन्हा तेवढाच मोठा पूर पाहिला. जुन्या नोंदींवर शिकलेली संगणकीय प्रणाली तिने कधीच न पाहिलेल्या पातळीचा अंदाज कसा करणार? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडणे, उपनद्यांचे पाणी एकत्र येण्याची वेळ, खाली नृसिंहवाडीला कृष्णेचा फुगवटा, या सगळ्याचा मेळ घालणारा आणि आपल्या अंदाजातली अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगणारा नमुना बनवणे, हाही डॉक्टरेटचा विषय आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणल्या जाणाऱ्या कापडातला दोष धावत्या कापडावरच ओळखणे, किंवा गोकुळ दूध संघाच्या संस्थांमधला उत्पादक ज्या बोलीत फोनवर बोलतो ती बोली यंत्राला समजावणे, हेही प्रश्न याच पंक्तीतले. हे प्रश्न स्थानिक आहेत म्हणून लहान ठरत नाहीत. सर्वत्र लागू पडणारा नियम बहुतेक वेळा एखाद्या ठिकाणच्या अडचणीतूनच हाती लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, चांगले काम करायला डॉक्टरेट लागतेच कुठे? टोनी होअर यांनी क्विकसॉर्ट शोधले, एलियट ब्रदर्स या कंपनीत आठ वर्षे काम केले आणि डॉक्टरेट नसताना ते बेलफास्टमध्ये प्राध्यापक झाले. रॉबिन मिल्नर यांच्याकडेही डॉक्टरेट नव्हती. दोघांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हे सगळे खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. असामान्य बुद्धीच्या माणसाला संगणकशास्त्राच्या पहाटे जी मोकळीक मिळाली, ती आज प्रत्येकाला मिळेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. बहुसंख्य हुशार माणसांना वाचनाची दिशा, प्रयोगाचा आराखडा, चुकीच्या वाटेवरून परत बोलावणारा मार्गदर्शक आणि तटस्थ परीक्षक यांची गरज असते. पीएच.डी. म्हणजे मुळात हीच व्यवस्था. पदवी ही तिची पावती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाटही खुली केली आहे. किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला डॉक्टरेटशिवाय शिकवता येते. ती योजना स्वागतार्ह आहे, कारण तिने अनुभव वर्गात येतो. मात्र अनुभवाचे रूपांतर तपासलेल्या ज्ञानात करण्याचे काम ती करत नाही. दोन वाटांची कामे वेगळी आहेत, एक असली म्हणून दुसरी अनावश्यक होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो दर्जाचा. अर्धवेळ पीएच.डी. म्हणजे उरल्यासुरल्या वेळात उरकलेले काम, अशी समजूत आहे आणि काही प्रबंधांनी ती कमावलेलीही आहे. इथे भावनेपेक्षा हिशेब बोलू द्यावा. पूर्णवेळ संशोधक आठवड्याला 40 तास, वर्षाचे 50 आठवडे, तीन वर्षे काम करतो असे धरले तर 6000 तास होतात. आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ची सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षे आहे. तेवढेच 6000 तास सहा वर्षांत भरायचे असतील, तर आठवड्याला 20 तास द्यावे लागतात. रात्री जेवणानंतरचा एक तास आणि रविवारची दुपार यांची बेरीज दहा-बाराच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्याला केवळ उरलेला वेळ द्यायचा आहे, त्याचे काम अर्धेच होणार, मग बुद्धी कितीही असो. पण त्याच माणसाला आठवड्यातला कामाचा एक दिवस संशोधनासाठी मोकळा मिळाला, तर वीस तासांचा हिशेब जुळतो. त्याच नियमांत अर्धवेळ उमेदवाराला नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, असे त्यात नमूद असावे लागते. 'पुरेसा वेळ' हा शब्द तासांत लिहून घ्या. आठवड्यातला एक दिवस देण्याचे लेखी वचन न देणाऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र स्वीकारू नका. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर काम मांडण्याची तरतूद आहेच. ती अर्धवेळ उमेदवारासाठी अधिक कसोशीने पाळा. दर्जा घड्याळावर ठरत नाही, पण घड्याळाला फसवून तो येतही नाही.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा: आमचा कोड, आमचा डेटा बाहेर जाईल. ही भीती रास्त आहे, कारण मंजूर झालेला प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सर्वांसाठी खुला होतो आणि तो तसा खुला असणेच योग्य आहे. जे ज्ञान तपासता येत नाही, त्यावर पदवी देता येत नाही. मार्ग असा की नोंदणीआधीच प्रश्न आणि डेटा वेगळे करावेत. प्रश्न सर्वांचा असावा, कंपनीचा डेटा हा त्याचा एक नमुना असावा, आणि मुख्य निष्कर्ष खुल्या किंवा ओळख पुसलेल्या डेटावर पुन्हा सिद्ध करून दाखवावा. जिथे हे अजिबात शक्य नाही, तो विषय घेऊच नये. उद्योग आणि संशोधन एका छपराखाली नांदू शकतात, याची खूण महाराष्ट्रात जुनी आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1981 मध्ये पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र उभारले. पवईच्या आयआयटीत बाहेर नोकरी करणाऱ्या संशोधकांसाठी नोंदणीचा वेगळा प्रवर्ग आहे. मुंबई-पुण्याला जे जमते, ते पंचगंगेच्या काठावर जमू नये असे कुठलेही कारण मला दिसत नाही.

चौथी अडचण मार्गदर्शकांची. नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. संगणकशास्त्रात पात्र मार्गदर्शक मोजकेच, त्यामुळे जागाही मोजक्याच. त्या जागा नोकरदारांना दिल्या तर नुकत्याच एम.एस्सी. किंवा एम.टेक. झालेल्या मुलांवर अन्याय होईल, ही काळजी खरी आहे. म्हणून ठराविक जागा अर्धवेळ उमेदवारांसाठी राखाव्यात, त्यापेक्षा जास्त नकोत, आणि त्या भरण्यासारखे प्रश्न आले नाहीत तर त्या पूर्णवेळ उमेदवारांकडे जाव्यात. सहमार्गदर्शकाची सोय नियमांत आहे. तिचा उपयोग करून सांगलीचे वालचंद महाविद्यालय, इचलकरंजीचे डीकेटीई, साखराळ्याचे राजारामबापू तंत्रज्ञान संस्थान, इथले केआयटी अशा संस्थांतील अभ्यासकांची एक सामाईक फळी उभी करता येईल. यातून मार्गदर्शकांनाही काही मिळते. पुस्तकातल्या उदाहरणाऐवजी जिवंत प्रश्न हाती आल्यावर त्यांचे शिकवणेही बदलते, आणि त्याच प्रयोगशाळेत बसणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला उद्योगातला एक जाणता सोबती मिळतो.

पैसा आणि वय यांचाही विचार करायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, पण तिच्यासाठी खुल्या प्रवर्गात वयाची मर्यादा 30 वर्षे आहे. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या माणसाला ती मिळत नाही, आणि गृहकर्ज, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी सांभाळणारा माणूस नोकरी सोडून येऊ शकत नाही. त्याला अर्धवेळ वाट नाकारणे म्हणजे संशोधन हे फक्त पंचविशीतल्यांचे किंवा श्रीमंतांचे आहे, असे सांगणे. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच तीव्र होते. पुण्यात चांगल्या पदावर असताना लग्नामुळे किंवा मुलांमुळे कोल्हापुरात परतलेल्या अभियंत्या या परिसरात आहेत. नियमांनी त्यांना दोन वर्षांची जास्तीची मुदत, 240 दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजा आणि स्थलांतर झाल्यास संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा दिली आहे. या तरतुदी परिपत्रकात पडून राहतात. त्या प्रवेशाच्या जाहिरातीत, मराठीत, ठळकपणे छापल्या, तर आज अर्जाचा विचारही न करणारी एखादी बाई तो भरून पाहील.

जे उद्योगातून येऊ पाहतात, त्यांनाही या पत्रात काही सांगणे भाग आहे, कारण मागणी एकतर्फी असू नये. यंत्रेच आता कोड लिहू लागली आहेत. नोकरी डळमळीत झाली म्हणून पीएच.डी.चा आसरा घ्यावा, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण डॉक्टरेट हा नोकरीचा विमा नाही. सहा वर्षे टिकते ती भीती नव्हे, जिज्ञासा. पदाचा मान दाराबाहेर ठेवावा लागेल, वयाने लहान असलेल्या मार्गदर्शकाचे ऐकावे लागेल, विसरलेले संख्याशास्त्र पुन्हा गिरवावे लागेल आणि आपले आवडते अनुमान खोटे ठरल्यावर ते प्रबंधात तसेच लिहावे लागेल. ही तयारी नसेल तर अनुभव संशोधनात ओझे होतो. म्हणूनच मुलाखतीत कुठल्या कंपन्यांत काम केले यापेक्षा कोणता प्रश्न घेऊन आलात, आणि त्याचे उत्तर चुकीचे निघाले तर ते तुम्हाला कसे कळेल, हे विचारले जावे. हे दोन प्रश्न पदवीच्या हौशीला आणि खऱ्या जिज्ञासेला आपोआप वेगळे करतील.

माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. पुढच्या पीएच.डी. प्रवेशाच्या जाहिरातीत संगणकशास्त्राखाली तीन वाक्ये छापावीत: अर्धवेळ उमेदवारांसाठी किती जागा आहेत, कंपनीने आठवड्यातला एक दिवस लेखी दिला पाहिजे, आणि अर्जासोबत दोन पानांत आपला प्रश्न व तो खुल्या डेटावर कसा तपासणार हे लिहून आणावे. पहिल्या वर्षी या अटींवर तीनच उमेदवार उतरले तरी चालेल. त्यांतल्या एकाने जरी सहा वर्षांनी असे काही सिद्ध केले की शिरोलीच्या फाउंड्रीत सदोष कास्टिंग ओतण्याआधीच ओळखता येईल, तर तो प्रबंध बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातल्या मांडणीपुरता उरणार नाही. या पत्राला निराळ्या उत्तराची गरज नाही. ती तीन वाक्ये छापली गेली, की उत्तर मिळाले असे मी समजेन.

आपला नम्र,
संगणक व्यवसायातील एक नागरिक
कोल्हापूर